मे महिन्यात विहिरी भरलेल्या दिसायल्यात? दरवर्षी रिसर्चचा डेटा का बिघडतो अन् कसा दुरुस्त करायचा

ह्या वर्षी पण तेच झालं. नवीन लागलेल्या प्रोजेक्ट असिस्टंटचा रात्री साडेदहाला फोन, "दादा, काही गावात मे मधी पाणी वर आलंय अन् ऑक्टोबरला खाली गेलंय, सगळं उलटंच दिसायलंय, मॅडमला उद्या चार्ट द्यायचाय, काय करू?" मागच्या वर्षी हाच फोन दुसऱ्या पोराचा होता, त्याच्या आधीच्या वर्षी एका पोरीचा. दरवेळी मी फोनवर एक एक सांगत बसतो, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, कारण हे फक्त आमच्या डिपार्टमेंटमधी होत नसणार, फील्डवर जाऊन नोंदी आणणाऱ्या प्रत्येकाकडं होत असणार.

आधी आमचं काम सांगतो. जालना, परभणी अन् बीडच्या काही गावांत आम्ही विहिरींची पाणीपातळी मोजतो, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी मे मधी अन् पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमधी. पातळी म्हणजे जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते, मीटरमधी. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, पाणी राहतं खडकाच्या फटीत नाहीतर मुरमात, त्यामुळं एका बांधावरच्या दोन विहिरींचं सुद्धा जुळत नाही. अन् खरा घोळ इथंच आहे, कारण आकडा विचित्र दिसला की माणूस म्हणतो असंल खडकाचं काहीतरी, अन् पुढं जातो. कॉम्प्युटरनं तारीख फिरवली असंल हे डोक्यातच येत नाही.

तर पहिली तपासणी. फाईल उघडा अन् तारखेचा कॉलम नुसता बगा, काही करू नका. काही तारखा सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेल्या अन् काही उजव्या बाजूला, असं दिसतंय का? दिसत असंल तर रोग सापडला. डावीकडच्या म्हणजे एक्सेलनं मजकूर समजून सोडून दिलेल्या, अन् उजवीकडच्या म्हणजे त्यानं तारीख म्हणून "समजून घेतलेल्या". (कुणी मधीच अलाइनमेंट सेंटर केलेली असंल तर हे दिसणार नाही, आधी ती काढा.)

होतं काय, की आपण लिहितो ०५/१०, म्हणजे ५ ऑक्टोबर. पण दुकानातून विंडोज टाकून आणलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर रिजन अमेरिकेचं असतं, तिथं महिना आधी लिहितात, म्हणून तो वाचतो १० मे. २३/१० ला मात्र त्याला तेविसावा महिना सापडत नाही म्हणून ती तारीख तो जशीच्या तशी मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे महिन्याच्या १ ते १२ तारखेच्या नोंदी फिरतात अन् १३ पासून पुढच्या वाचतात. १०/१० फिरली तरी तीच राहते, म्हणून नेमकी तीच नोंद चेक केली तर सगळं बरोबर वाटतं.

आता ह्यात पण एक बारीक गोष्ट आहे जी मला लई उशिरा कळाली. मे अन् ऑक्टोबरची आपसात अदलाबदल फक्त ५ ऑक्टोबर अन् १० मे ह्या दोनच तारखांची होते. बाकीच्या कुठं जातात? १ ऑक्टोबर जाते १० जानेवारीला, २ ऑक्टोबर जाते १० फेब्रुवारीला, ८ मे जाते ५ ऑगस्टला. आपण चार्ट काढताना फिल्टर लावतो मे अन् ऑक्टोबरचा, मग ह्या सगळ्या नोंदी गपचूप बाहेर पडतात अन् कुणालाच कळत नाही. उलट्या दिसणाऱ्या चार-पाच विहिरींवर आपण डोकं फोडतो अन् गायब झालेल्या नोंदीकडं लक्षच जात नाही. म्हणून महिन्याप्रमाणं पिव्होट (एक्सेलमधला नोंदी गटानं मोजून देणारा तक्ता) लावून बगा, जानेवारी, ऑगस्ट, डिसेंबर असे आपण फील्डवर गेलोच नाही ते महिने दिसले अन् त्यातल्या सगळ्या तारखा ५ नाहीतर १० च असल्या तर शंकाच नाही.

दुरुस्ती. मोबाईलच्या फॉर्ममधून, म्हणजे कोबो किंवा ओडीके ह्या फॉर्म भरायच्या अॅपवरून डेटा आलेला असंल तर फिरलेली फाईल दुरुस्त करत बसूच नका, सर्व्हरवरून परत एक्सपोर्ट घ्या, तिथं तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते, तिचा दोन अर्थानं वाचायचा प्रश्नच येत नाही. फक्त एक बगा, तारीख म्हणून सबमिशन टाईमचा कॉलम घेऊ नका. गावात रेंज नसते, पोरं चार दिवसानं तालुक्याला आल्यावर फॉर्म पाठवतात, अन् तो टाईम म्हणजे फॉर्म सर्व्हरवर पोचल्याची वेळ, ती पण यूटीसी ह्या जागतिक वेळेत म्हणजे आपल्या घड्याळाच्या ५ तास ३० मिनिटं मागं. मोजणीची तारीख फॉर्ममधी वेगळी विचारलेली पायजे.

मूळ फाईल नसंलच, तर शेजारी नवीन कॉलम घेऊन जी तारीख उजवीकडं आहे तिचं वर्ष तेच ठेवायचं, महिन्याच्या जागी तिचा दिवस अन् दिवसाच्या जागी तिचा महिना घालायचा, डेट, इयर, मन्थ, डे ह्या चार फंक्शननं होतंय ते. डावीकडच्या तारखा टेक्स्ट टू कॉलम्समधी जाऊन दिवस-महिना-वर्ष निवडून बदलायच्या. पण हे तेव्हाच करायचं जेव्हा फाईल एकाच कॉम्प्युटरवर एकदाच फिरलीय ह्याची खात्री आहे. फाईल लॅबमधल्या कॉम्प्युटरवर उघडली, सेव्ह केली, मग कुणीतरी त्याच शीटमधी घरच्या लॅपटॉपवर खाली नवीन नोंदी चिकटवल्या, तर वरच्या फिरलेल्या अन् खालच्या सरळ, अन् दिसायला दोन्ही सारख्याच. मग कागदी फॉर्म काढण्याशिवाय इलाज नाही. आमच्या एका वर्षाच्या नोंदी अशाच गेल्या, अन् कागदी फॉर्म कपाटासकट दुसऱ्या खोलीत हलवताना कुठं गेले ते आजपर्यंत सापडले नाहीत. उन्हातान्हात ज्यांनी त्या विहिरी मोजल्या त्यांच्या मेहनतीचं मला आजही वाईट वाटतं.

हे परत होऊ नये म्हणून एकच सवय लावायची. सीएसव्ही फाईल (कॉमानं रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) डबल क्लिक करून उघडायची नाही. कधीच नाही. रिकामं एक्सेल उघडायचं, डेटा टॅबमधी फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही, फाईल निवडल्यावर जी खिडकी येते त्यात फाईल ओरिजिनला ६५००१ यूटीएफ-८ (मराठी अक्षरं पण बसतात अशी साठवायची पद्धत) निवडायचं, अन् डेटा टाईप डिटेक्शनला 'डू नॉट डिटेक्ट' निवडायचं. मग सगळे कॉलम मजकूर म्हणून येतात, जसेच्या तसे. नंतर जो कॉलम आकड्याचा तो आकडा करा, तारखेचा असंल तर यूजिंग लोकेल मधी जाऊन इंग्लिश इंडिया सांगा. दोन मिनिटं जास्त लागतात. ज्यांना हे कटकटीचं वाटतं त्यांना सांगतो, जनुकांवर काम करणाऱ्या लोकांच्या फायलीतली जनुकांची नावं सुद्धा एक्सेल अशीच तारखा करून टाकायचं, मार्च१ नावाचं जनूक १ मार्च व्हायचं, शेवटी २०२० मधी त्या लोकांनी जनुकांचीच नावं बदलली. जगभरातले लोक वैतागले तिथं आपण एकटे हलगर्जी आहोत असं समजायचं कारण नाही, पण सवय बदलायला पायजे.

दुसरी तक्रार, मराठी दिसंना. ह्यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत अन् लोक तिन्हीला "फॉन्टचा प्रॉब्लेम" म्हणतात, म्हणून दुरुस्ती चुकते.

गावाच्या नावाच्या जागी टोपी घातलेली, मात्रा दिलेली विचित्र रोमन अक्षरं आली असतील तर घाबरू नका, फाईल चांगली आहे, एक्सेलनं चुकीच्या पद्धतीनं वाचलीय एवढंच. सेव्ह न करता बंद करा अन् वर सांगितल्यासारखी यूटीएफ-८ सांगून आणा. सेव्ह न करता हे लई महत्त्वाचं.

नुसती प्रश्नचिन्हं आली असतील, ???? अशी, तर अक्षरं गेली, ती कुठल्याच सॉफ्टवेअरनं परत येत नाहीत. हे होतं एक्सेलमधून साधं सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड म्हणून सेव्ह केल्यावर, त्या प्रकारात देवनागरी बसतच नाही. सेव्ह अॅजमधी सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्यायचा. जुन्या ऑफिसमधी तो नसतो, मग लिब्रेऑफिस वापरा, फुकट आहे अन् सेव्ह करताना विचारतं तरी.

तिसरा प्रकार जुन्या सरांच्या फायलीत. उघडलं की इंग्रजी अक्षरं, कंस, सेमीकोलन ह्यांचा काला. ती फाईल युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमधी टाईप केलेली, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असले फॉन्ट. तिथं आतमधी रोमन अक्षरच साठवलेलं असतं अन् फॉन्ट त्याचा चेहरा मराठी दाखवतो. फॉन्ट टाकला की दिसतं, पण सर्च होत नाही, जुळवणी होत नाही. अशा फायली कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, पण करून झाल्यावर एकेक पान मूळ प्रतीशी ताडून बगा, जोडाक्षरं अन् रफार हमखास चुकतात, अन् मूळ फाईल फेकू नका. मी म्हणतो हे काम ज्यांच्या त्या फायली आहेत ते सर रिटायर व्हायच्या आत करा. फाईलमधी "वि.क्र. ७ जुनी" लिहिलेलं असतंय, त्याचा अर्थ त्यांनाच माहीत.

आता गावांची नावं, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. दोन शीट नावावरून जुळवायला एक्सेलचं व्हीलुकअप फंक्शन लावलं अन् निम्म्या गावांना उत्तर येईना. बगायला गेलं तर एका शीटमधी वडगाव बु., दुसऱ्यात वडगाव बुद्रुक, तिसऱ्यात वडगांव वर अनुस्वार देऊन, चौथ्यात वडगाव(बु) मधी जागा न सोडता. शिवाय डोळ्याला दिसत नाहीत असे फरक. अॅ हे अक्षर दोन पद्धतीनं टाईप होतं, एका कीबोर्डवर अख्खं एकच अक्षर, दुसऱ्यावर अ अन् वर चंद्र वेगळा, दिसायला सारखं पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ऱ्हस्वातला ऱ्ह, चाऱ्यातला ऱ्या इथं पण तसंच, काही कीबोर्ड मधी न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर घालतात. लेन फंक्शननं दोन्ही सेलची लांबी मोजा, एकात ६ अन् एकात ७ आलं की समजून जा.

पण खरं सांगू का, नावं साफ करून हा प्रश्न सुटत नाही. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव किती आहेत आपल्याकडं! एकाच तालुक्यात दोन-तीन सापडतात. म्हणून नावावर जुळवायचंच नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, तो पहिल्या दिवसापासून फॉर्ममधी ठेवायचा अन् त्यावर जुळवायचं. नाव वाचणाऱ्यासाठी, कोड जुळवणीसाठी. विहिरीला पण आपला नंबर द्यायचा अन् एकदा दिलेला नंबर परत दुसऱ्या विहिरीला द्यायचा नाही, पहिली बुजली तरी. जिल्ह्याचं पण तसंच, २०२३ च्या आधीच्या नोंदीत औरंगाबाद अन् उस्मानाबाद, नंतरच्या नोंदीत छत्रपती संभाजीनगर अन् धाराशिव, पिव्होटमधी मराठवाड्याच्या आठाचे दहा जिल्हे होतात. अजून जुनं काही जोडत असाल तर ध्यानात ठेवा, हिंगोली १९९९ मधी परभणीतून वेगळा झाला, त्याच्या आधीच्या "परभणी" मधी हिंगोली पण आहे. जुन्या नोंदीतलं नाव खोडून नवं घालू नका, मूळ नाव तसंच राहू द्या अन् शेजारी कोडचा कॉलम वाढवा.

क्षेत्राचा कॉलम तर बगायलाच पायजे. शेतकरी मामा सांगतात "दोन एकर वीस गुंठे", आपला पोरगा लिहितो २.२०. चाळीस गुंठ्याचा एकर, म्हणजे हे झालं अडीच एकर. पण एक्सेलला ते दोन पूर्णांक वीस शतांश. त्यात सातबाऱ्यावरून उतरवलेला आकडा असंल तर तिथं हेक्टर-आर असतं, १०० आरचा हेक्टर, तिथं २.२० म्हणजे खरंच २.२० हेक्टर, म्हणजे जवळपास साडेपाच एकर. एकाच कॉलममधी दोन्ही. अन् वरून एक्सेल शेवटचा शून्य खातं, २.२० चं २.२ करतं, आता हे वीस गुंठे होते का दोन गुंठे हे कोण सांगणार? ह्याला नंतर दुरुस्ती नाही, आधीच एकरचा एक रकाना, गुंठ्याचा एक रकाना, अन् कुठून घेतलं, तोंडी का सातबारा, हा तिसरा रकाना करायचा. विहिरीच्या खोलीचं पण तसंच, म्हातारी माणसं परसात सांगतात, परस म्हणजे पुरुषभर उंची, तिला फुटात बसवून लिहू नका, ते म्हणले "सात परस" तर सात अन् एकक परस असंच लिहा अन् जमलं तर टेपनं मोजा.

आता ह्या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट, फायली असतात कुठं. नोंदी असतात ज्या पोरानं गोळा केल्या त्याच्या ड्राइव्हवर. पोराची पीएचडी झाली, नोकरी लागली, विद्यापीठाचं दिलेलं अकाऊंट बंद झालं, अन् मागं राहिलेल्या लिंकवर क्लिक केलं की "अॅक्सेस मागा" एवढंच येतं. मागायचा कुणाला? स्वतःच्या जीमेलवर ठेवलं तरी १५ जीबीची मर्यादा, अन् दोन वर्ष अकाऊंट वापरलंच नाही तर गूगल ते डिलीट करू शकतं. त्यामुळं संस्थेचं गूगल वर्कस्पेस असंल तर शेअर्ड ड्राइव्ह मागून घ्या, त्यातली फाईल माणसाची नसते, संस्थेची असते, माणूस गेला तरी राहते. मॅडमनं आमच्याकडं आता नियम केलाय की नो ड्यूजवर सही त्या ड्राइव्हवर फायली आल्यावरच, अन् फायली आल्या म्हणजे दुसऱ्या कुणीतरी त्या उघडून दाखवल्यावर. सुरुवातीला पोरं नाराज झाली, पण मला हा नियम एकदम बरोबर वाटतो.

त्या ड्राइव्हवर दोन फोल्डर. एक "मूळ", ज्यात सर्व्हरवरून आलेली फाईल अन् कागदी फॉर्मचे स्कॅन, पोरांना फक्त बगायची परवानगी, एडिटची नाही. दुसरं "काम", तिथं काय करायचं ते करा. नावात तारीख वर्षापासून सुरू करा, २०२४-१०-०५ अशी, मग फायली आपोआप ओळीत लागतात अन् फायनल, फायनल-२, फायनल-सरांनी-बघितलेली हे बंद होतं. सोबत एक साधी टेक्स्ट फाईल, त्यात कॉलमचं नाव, एकक, रिकामी जागा म्हणजे मोजलं नाही का विहीर कोरडी होती, एवढं लिहा. कोरडी विहीर अन् न मोजलेली विहीर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे अन् आमच्या जुन्या शीटमधी दोन्हीला डॅश आहे. ड्राइव्हशिवाय एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, अन् ती डिस्क त्या कॉम्प्युटरच्याच टेबलावर ठेवू नका. कॉपी बरोबर झाली का हे बगायला सेव्हन-झिपमधी राईट क्लिकवर शा-२५६ चा पर्याय आहे, दोन्हीकडचा लांबलचक नंबर सारखा आला म्हणजे फाईल सारखी. विहिरीचे फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, लोकेशन अन् वेळेची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटचं, दुसऱ्यांना द्यायचं कसं. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाईन साठ्यावर जातो, पण तिथं पीडीएफ असते, परिशिष्टातल्या तक्त्यावरून कुणाला आकडे परत टाईप करायला लागले तर चुका परत सुरू. डेटा वेगळा ठेवायला झेनोडो ही वेबसाईट आहे, युरोपातल्या सर्न ह्या संशोधन संस्थेची, २०१३ पासून चालू, फुकट, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा अन् डीओआय (कायमचा ओळख नंबर) मिळतो, चूक सापडली तर नवीन आवृत्ती टाकता येते अन् जुनी पण राहते. गाईडची परवानगी घेऊन टाका.

टाकायच्या आधी शेतकऱ्यांची नावं अन् मोबाईल नंबर काढणारच तुम्ही, पण गट नंबर राहतो! गाव अन् गट नंबर दिला की सातबारा ऑनलाईन निघतो अन् त्यावर मालकाचं नाव आहेच. मग नाव काढून काय उपयोग झाला? गट नंबर काढा, अन् अक्षांश-रेखांश दशांशानंतर दोनच आकड्यांपर्यंत ठेवा, म्हणजे जागा साधारण एक किलोमीटरच्या आत कळते, विहीर कुणाची ते कळत नाही. तेवढ्यावर कुणाला काम भागत नसंल तर त्यानं लिहून मागावं अन् मॅडमनं ठरवावं. त्या लोकांनी आपल्याला विहिरीवर येऊ दिलं, चहा पाजला, बोअर किती घेतले अन् किती फेल गेले, कर्ज किती झालं ते सांगितलं, ते आपल्या भरवशावर.

त्या रात्रीच्या पोराचं काय झालं ते सांगतो. त्याच्या फाईलमधी उजवीकडं चिकटलेल्या ६१ तारखा निघाल्या, त्यातल्या ५८ सर्व्हरच्या एक्सपोर्टवरून दुरुस्त झाल्या. उरलेल्या ३ विहिरी कागदावर मोजलेल्या, तो फॉर्म त्याला घनसावंगीकडच्या फाईलमधी सापडला, मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख लिहिलेली होती. चार्ट मॅडमला दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.